वाडीत नेट घ्यायचंय : फायबर घेऊ, छपरावरची डिश घेऊ, की थांबू?

प्रश्न :

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचा प्रश्न थोडक्यात देते. घरी ते आणि पत्नी, दोघंच. मुलगा आणि सून पुण्यात, दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच. मुलगा म्हणतो, "नेट नीट असेल तर मे महिन्यापासून गणपतीपर्यंत तिकडेच राहू." घरात १९९४ सालचा लँडलाईन फोन आहे, पाऊस लागला की खरखरतो. गावातला केबलवाला महिना सहाशे रुपयांत फायबर देतो म्हणतो. एका मोठ्या कंपनीचा माणूस छपरावर डिश बसवा म्हणून सांगून गेलाय. "वायरच नाही तर तुटणार काय?" असं त्याचं म्हणणं, आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर बसवणावळ माफ. मुलगा फोनवर सांगतो, थांबा, सॅटेलाइटचं नेट येतंय. पत्नी म्हणतात, चार दिवस राहतील नि जातील, त्यासाठी वर्षाचे पैसे कशाला अडकवायचे? गुरुजी विचारतात : "यातलं सगळ्यात चांगलं नेट कुठलं? ३०० एमबीपीएसचं घेतलं म्हणजे मुलाची अडचण होणार नाही ना? एकदा येऊन त्याचं काम अडलं तर तो पुन्हा यायचा नाही, अशी धास्ती वाटते."

उत्तर :

नमस्कार गुरुजी,

पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. काम एकदा अडलं तर मुलगा पुन्हा यायचा नाही, असं तुम्ही लिहिलंय. गुरुजी, काम अडणार आहे. कुठलंही नेट घेतलंत तरी कोकणातल्या पावसात ते दोन-चारदा बंद पडणार. पुण्यातही पडतं, आणि हे तुमच्या मुलाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. तेव्हा कधीच बंद न पडणारं नेट शोधायला निघालात तर गणपती येऊन जातील आणि निर्णय झालेला नसेल. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. बंद पडलं तर किती वेळात सुरू होईल? आणि तोवर मुलाच्या हाताशी दुसरं काय असेल? या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कनेक्शनची वेगळी येतात, आणि ती त्याच्या वेगावरून येत नाहीत. नेट तुमच्या घरापर्यंत कुठल्या वाटेनं येतं, त्यावरून येतात.

आधी ३०० चा आकडा बाजूला करू. एमबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप. त्यातला 'बी' हा बाईट नाही, बिट आहे, आणि आठ बिटचा एक बाईट होतो. म्हणून ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० एमबी नव्हे, साडेसदतीस एमबी. तेही काही कमी नाही. पण लागतं किती? चांगल्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना तीन-चार एमबीपीएस पुरतात. मुलगा आणि सून दोघंही एकाच वेळी मीटिंगमध्ये असले तर आठ धरा. काकू टीव्हीवर मालिका बघत असतील तर अजून पाच. तुमच्या मोबाईलचे दोन-तीन. वीसच्या आत सगळं घर बसलं. मोठ्या फायली चढवायच्या-उतरवायच्या असतील म्हणून ५० चा प्लॅन घ्या, फार तर १०० चा. त्यावरचा पैसा मुलाच्या कामाला लागत नाही, तो नुसता पावतीवर राहतो.

विचारायचा आकडा दुसराच आहे. जाहिरातीत छापतात तो वेग घराकडे येणारा असतो. मुलगा मीटिंगमध्ये बोलेल तेव्हा त्याचा आवाज आणि चेहरा घरातून बाहेर जायचा असतो. ही उलटी वाट, अपलोड, किती रुंद आहे ते विचारा. "१०० चा प्लॅन आहे, तर अपलोडही १०० ना?" एवढंच वाक्य. माणूस अडखळला तर ओळखा की तिथं काहीतरी कमी आहे.

पत्रकावरच्या नावांवरही जाऊ नका. ब्रॉडबँड हा शब्द घ्या. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएस, मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये तो आकडा ५१२ झाला, आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. म्हणजे आजही २ एमबीपीएस देणारा माणूस कायद्यानं ब्रॉडबँडच देतोय. छपरावरच्या डिशचंही तसंच. तिच्या नावात 'फायबर' असतं, एअरफायबर म्हणतात, पण तुमच्या घरापर्यंत फायबरचा एक धागाही येत नाही. ते मोबाईलच्या टॉवरवरून हवेतून येणारं नेट असतं. ते वाईट आहे असं नाही. पण तुमच्या पत्रात एके ठिकाणी "दोघंही फायबरच देतात, मग स्वस्त कुठलं" असं वाक्य आहे, म्हणून हे स्पष्ट करते. दोघं वेगळ्या वस्तू विकतायत.

आता त्या वाटा एकेक करून बघू.

तुमच्या लँडलाईनची तांब्याची वायर ही सगळ्यात जुनी वाट. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ते याच वायरीवरून, फोन अडवून, मोडेमचा किर्र आवाज काढत यायचं. दहा वर्षांनी त्याच वायरीवर ब्रॉडबँड आलं. पण तांब्यात सिग्नल अंतरानं विरत जातो. टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला पंधरा-वीस एमबीपीएस मिळायचे, चार-पाच किलोमीटरवर एखाद-दुसरा उरायचा. तुमचा फोन पावसात खरखरतो ते कुठल्या तरी जोडात पाणी शिरतं म्हणून, आणि त्याच वायरीवर नेट घेतलं तर तेही तसंच खरखरणार. ही वाट मुलाच्या कामासाठी सोडून द्या. फक्त तीस वर्षांचा नंबर आहे, सगळ्या नातेवाइकांच्या डायऱ्यांत लिहिलेला. तो एकदम परत करू नका. तोच नंबर फायबरवर घेता येतो का, हे तालुक्याच्या टेलिफोन ऑफिसात आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी तशी सोय करून देतात.

फायबर म्हणजे काच. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या धाग्यातून उजेड जातो आणि त्या उजेडात तुमचा मजकूर असतो. उजेड काचेत फारच हळू मावळतो, म्हणून केबलवाल्याच्या ऑफिसपासून वीस किलोमीटरपर्यंत तो मजेत पोचतो. मूळ एक धागा निघतो, वाटेत एका छोट्या डबीत त्याचे बत्तीस किंवा चौसष्ट फाटे होतात आणि एकेक फाटा एकेका घरात जातो. त्या मूळ धाग्यात येताना साधारण अडीच हजार एमबीपीएस मावतात आणि जाताना साडेबाराशे. ते सगळ्यांत वाटून जातात. आणि मुख्य म्हणजे मधल्या डबीला वीज लागत नाही. तिच्यात नुसती काच आहे. वाडीची लाईट गेली तरी केबलवाल्याच्या ऑफिसात आणि तुमच्या मोडेमला वीज असली की नेट चालू राहतं. महावितरणची लाईट दिवसातून चारदा जाणाऱ्या गावात ही फार मोठी गोष्ट आहे.

पण इथंच एक मेख आहे. कित्येक केबलवाले फायबर आणतात ते गावातल्या एका खांबावरच्या पेटीपर्यंत. पुढं घरात नेतात ती लॅनची वायर, म्हणजे पुन्हा तांबंच. खांबावरच्या त्या पेटीत यंत्र असतं आणि त्याला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी खांबाची लाईट गेली की तुमचं नेट गेलं. शिवाय लॅनची वायर शंभर मीटरच्या पुढं नीट चालत नाही, आणि वळवाच्या पावसात वीज चमकली की तीच धातूची वायर झटका थेट राउटरमध्ये, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या यंत्रात, आणते. हेही 'फायबर' म्हणूनच विकलं जातं. ओळखायचं कसं? ज्याच्याकडे त्या केबलवाल्याचं नेट आधीपासून आहे अशा शेजाऱ्याकडे जा आणि घरात शिरणारी शेवटची वायर बघा. काडेपेटीतल्या काडीसारखी बारीक, चपटी काळी वायर आत येऊन पुढं हिरव्या किंवा निळ्या टोकानं मोडेमला लागली असेल आणि मोडेमवर 'पॉन' आणि 'एलओएस' असे दोन दिवे असतील, तर खरं फायबर. पेन्सिलीएवढी जाड वायर येऊन, फोनच्या प्लगपेक्षा थोडं मोठं पारदर्शक टोक राउटरमध्ये टक करून बसलं असेल, तर शेवटचा टप्पा तांब्याचा.

फायबर तुटतं कसं आणि जुळतं कसं, ते मी जवळून पाहिलंय. माझं माहेर चिपळूणजवळ. दोन वर्षांपूर्वी जुलैत आईकडचं नेट गेलं, मोडेमवरचा एलओएसचा दिवा लाल लुकलुकायला लागला, म्हणजे उजेड पोचत नव्हता. कॉल सेंटरला तक्रार केली. दुसऱ्या दिवशी "तुमची तक्रार सोडवली आहे" असा मेसेज आला आणि दिवा तसाच लाल. तीन दिवस हे उंटावरून शेळ्या हाकणं चाललं. शेवटी पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आला, त्याच कंपनीच्या लाईनची कामं कंत्राटावर करणारा, डोक्यापासून भिजलेला. त्यानं मोडेमची पिवळी वायर काढून हातातल्या उजेड मोजणाऱ्या छोट्या मीटरला लावली. आकडा आला उणे एकतीस. "ताई, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की मोडेमला उजेडच दिसत नाही," म्हणाला. मग वायरीच्या मागं मागं चालत गेला. पाणंदीत आंब्याची फांदी पडून वायर तिच्याखाली दुमडली होती. मी छत्री धरून उभी. त्यानं वायरीचं काळं साल सोललं, आतला धागा स्पिरिटनं पुसला, टोकं कापली आणि जेवणाच्या डब्याएवढ्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन टोकं सरकत सरकत जवळ आली, एक ठिणगी पडली, जोड झाला. घरी येऊन मीटर लावला तर उणे एकोणीस. सगळं काम अर्ध्या तासाचं. तीन दिवस गेले ते निरोप त्या मुलापर्यंत पोचायला.

म्हणून फायबर घेताना माझा पहिला प्रश्न असतो : खांबावर चढणारा माणूस कुठं राहतो? पावतीवर नाव सरकारी कंपनीचं असो की खासगी, खेड्यात वायरीची देखभाल बहुतेक ठिकाणी गावातल्याच कुणाकडे असते. त्याचा नंबर तुमच्याकडे असला पाहिजे. जोडणीचं मशीन त्याच्याकडे स्वतःचं आहे की रत्नागिरीहून मागवावं लागतं, तेही विचारा. मशीन गावात असेल तर तुटलेलं फायबर संध्याकाळपर्यंत जुळतं.

आता छपरावरची डिश. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका कंपनीनं दिल्ली-मुंबईत आणि सप्टेंबरात, बरोबर गणेश चतुर्थीला, दुसरीनं मुंबई-पुण्यासह आठ शहरांत हे हवेतलं नेट आणलं. मग ते टॉवरबरोबर गावोगाव पसरलं. फाइव्ह-जी टॉवरकडे तोंड करून छपरावर एक पेटी बसते, तिच्यातून एक वायर घरात येते आणि राउटरला लागते. जिथं फायबर पोचलंच नाही, तिथं हे वरदान आहे. एका दिवसात बसतं, पाणंदीतल्या फांदीचं भय नाही. ज्या वाचकांच्या गावात फायबर नाही, त्यांनी खुशाल हेच घ्यावं.

पण "वायरच नाही तर तुटणार काय" हे वाक्य पुरतं खरं नाही. टॉवरला नेट येतं तेही कधी फायबरनं, कधी टॉवरहून टॉवरला हवेतून. ती लाईन तुटली किंवा टॉवरची बॅटरी संपली, तर डिश कितीही चांगली असो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय टॉवर आणि तुमचं छप्पर यांच्यामध्ये काय उभं आहे ते बघा. या लहरी उघड्यावर लांब जातात, पण झाडाचा पाला त्यांना आवडत नाही, आणि ओला पाला तर त्याहून नाही. मे महिन्यात सगळीकडे मोकळं असतं, तेव्हा डिशवाल्यानं मोबाईलवर वेग दाखवला तर डोळे दिपतील. आईन-किंजळ पालवून पावसात भिजल्यावर तोच वेग किती उरतो, ते जुलैत कळतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला मी सांगायची गरज नाही. गणपतीत तुमच्या वाडीत किती माणसं असतात? एरवी बंद असणारी घरं उघडतात, चाकरमानी येतात, प्रत्येकाच्या हातात फोन, आरतीचे व्हिडिओ मुंबईला जायला लागतात. ही सगळी गर्दी एका टॉवरवर. काही कंपन्या डिश घेणाऱ्या ग्राहकांसाठी टॉवरवर वेगळा वाटा राखतात, तरी टॉवरला येणारी मूळ वाट सगळ्यांची एकच असते. गेल्या गणपतीत तुमच्या घरी त्या कंपनीच्या फोनवर व्हिडिओ नीट चालत होता का, हे आठवून बघा. डिशवाल्याच्या मोबाईलवरच्या आकड्यापेक्षा मी त्या आठवणीवर जास्त विसंबेन. मुलगा गणपतीपर्यंत राहणार म्हणतोय, आणि ऐन गणपतीतच नेट मंदावलं तर तुमची धास्ती खरी होईल.

डेटाची मर्यादाही बघा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही बारीक अक्षरांत हद्द असते. घरगुती फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, हवेतल्या नेटच्या प्लॅनमध्ये १००० जीबीच्या आसपास. ती ओलांडली की वेग पार घसरतो. दोघांच्या मीटिंगा आणि टीव्ही धरून तुम्ही हजारात बसाल, पण कळलेलं बरं.

सॅटेलाइटबद्दल मुलाशी मी थोडी असहमत आहे. जुनी सॅटेलाइट सेवा ज्या उपग्रहांवरून चालते ते ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. आपला प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. सगळा मिळून जवळपास एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानंही त्याला अर्धा सेकंद लागतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या खंडानं मीटिंगमध्ये दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यांचा खंड जाणवत नाही. मुलगा म्हणतोय ते हेच. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला आपल्या सरकारचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. पण या डिशला चहूबाजूंनी उघडं आभाळ लागतं. तुमच्या पत्रात अंगणात दोन फणस आणि मागं माडांची रांग आहे. झाडं तोडून नेट घेऊ नका. डोंगरकपारीतल्या ज्या वाड्यांत ना खांब पोचला ना टॉवर, त्यांची ती आशा आहे. तुमच्या दारात केबलवाला उभा असताना हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं कारण नाही.

शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. काही जुन्या सोसायट्यांत टीव्हीच्या जाड गोल केबलवरूनही नेट येतं. ते डाउनलोडला ठीक, अपलोडला तोकडं. सोसायटीत फायबर घेता येत असेल तर तेच घ्या. आणि भाड्यानं राहत असाल, वर्षभरात जागा बदलणार असाल, तर हवेतलं नेट उचलून नेणं सोपं, फक्त नव्या जागी रेंज आहे का ते आधी बघा.

मग गुरुजी, तुमच्यासाठी माझं मत : केबलवाल्याचं फायबर घ्या, पण शेजाऱ्याकडची शेवटची वायर बघून. ती तांब्याची निघाली तर "माझ्या घरापर्यंत काच आणून दे, वायरीचे जास्तीचे पैसे देतो" असं सांगून बघा. तो बहुधा तुमचा विद्यार्थी किंवा विद्यार्थ्याचा मुलगा असेल, टाळणार नाही. तो तयार नसेल तर ग्रामपंचायतीत जा. केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून, जिला आता भारतनेट म्हणतात, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेलं आहे. तुमच्या पंचायतीत ते चालू आहे का आणि तिथून घराघरांत कोण जोडून देतो, हे ग्रामसेवकांना विचारा. तिथंही काही नसेल, तर मग डिश.

आणि फायबर घेतलं तरी दुसरी वाट हाताशी ठेवा. त्यासाठी दुसरं कनेक्शन नको. तुमच्याकडे ज्या कंपनीची रेंज चांगली येते तिचं सिम मुलाच्या फोनमध्ये असलं की तासा-दोन तासांची वेळ हॉटस्पॉटवर निभते. एवढंच बघा की त्या टॉवरचं फायबर तुमच्याच पाणंदीतल्या खांबांवरून जात नाही ना. नाहीतर एकाच फांदीनं दोन्ही वाटा बंद व्हायच्या. लाईनवाल्या मुलाला ते नक्की माहीत असतं.

विजेचं लगेच करता येण्यासारखं आहे. मोडेम पंधरा वॉटसुद्धा खात नाही. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा, दोन-तीन तास चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्यावर घ्या. वीज कडाडायला लागली की मात्र ॲडॉप्टर भिंतीतून काढून ठेवा. काचेतून झटका येत नाही, महावितरणच्या वायरीतून येतो. डिश असेल तर छपरावरून उतरणारी वायर धातूची असते, तीही राउटरमधून काढायची.

पैशांच्या बाबतीत काकूंशी मी सहमत आहे. वर्षाचे एकदम भरू नका, बसवणावळ माफ होत असली तरी. पहिले तीन महिने महिन्या-महिन्यानं भरा, आणि सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते आधीच विचारा. तक्रार केली की नंबर मागून वहीत तारखेसह लिहून ठेवा. कंपनीनं ऐकलं नाही तर त्याच कंपनीत वरचा अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे तोच नंबर घेऊन जायचं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका.

राहिलं तुमचं घर. चिऱ्याच्या भिंती आहेत, असं लिहिलंय. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीपुढं वायफाय दमतं, आणि तेही जास्त वेगाचं, पाच गिगाहर्ट्झचं, लवकर दमतं. केबलवाला आपल्या सोयीनं ओटीवर, दाराशीच मोडेम ठोकून जाईल. मुलगा बसणार माळ्यावरच्या खोलीत. मग खाली १०० आणि वर ८, आणि दोष फायबरला. मोडेम माजघरात घ्या, जिथून जिना वर जातो, आणि माळ्यावर लॅनची वायर नेऊन तिथं दुसरा साधा राउटर लावा. घराच्या आत, वीस-पंचवीस मीटरला ही तांब्याची वायर उत्तम. मुलाचा लॅपटॉप सरळ वायरीनं जोडला तर त्याहून चांगलं.

आता मुलाशी बोला. "नेट चांगलं आहे" एवढंच सांगू नका. त्याला विचारा की दिवसात मीटिंगा किती असतात, बाकीचं काम नेट मधूनच गेलं तरी चालण्यासारखं आहे का, आणि चार महिने गावाहून काम करायला ऑफिसची परवानगी आहे का. सूनबाईंनाही वेगळं विचारा. त्यांच्या कामाची वेळ आणि गरज मुलापेक्षा निराळी असू शकते, आणि पत्रात त्यांचं म्हणणं कुठंच आलेलं नाही. कदाचित असंही निघेल की नेटची अट त्यांनी घातलीच नव्हती, नुसती काळजी बोलून दाखवली होती. तुम्हाला ती अट वाटली, कारण तुम्ही त्यांची वाट बघताय. मुलाला हे सरळ सांगायला काय हरकत आहे? "नेट गेलं तरी तू ये" हे वाक्य तुमच्या पत्रात मला सापडलं, त्याला तुम्ही ते अजून म्हटलेलं दिसत नाही.

मे महिन्यात त्यांना आंब्यांना येऊ दे. पण ऑफिसला चार महिन्यांचं सांगण्याआधी जूनच्या अखेरीला आठ दिवस दोघांनी येऊन काम करून बघावं, पाऊस धरलेला असताना. त्या आठ दिवसांत नेट कितीदा गेलं, कितीला आलं, लाईट कधी गेली, हे वहीच्या मागच्या पानावर तुम्ही लिहा. तुमच्या हातची नोंद चुकायची नाही. काकूंनाही ते पान दाखवा. वर्षाचे पैसे भरायचे की नाहीत ते मग त्यांनीच ठरवावं.

आणि माळ्यावर न्यायच्या वायरीचं एक राहिलं. मेमध्ये कौलं शाकारायला माणूस येईल, त्याच दिवशी वाशांवरून ती ओढून घ्या. मोडेम नंतर आला तरी चालेल, पण एकदा पाऊस लागला की कौलांवर कोणी पाय ठेवणार नाही.